‘हद्दपार’ माणूस बँकॉकच्या तुरुंगात कसा? मराठी संपादकांना खुले पत्र

मराठी वृत्तपत्रांत आणि वृत्तवाहिन्यांवर परदेशी बातम्यांचं काम पाहणाऱ्या सर्व संपादकांस,

सप्रेम नमस्कार.

९ सप्टेंबर २०२५ रोजी थायलंडच्या सर्वोच्च न्यायालयाने माजी पंतप्रधान थाकसिन शिनावात्रा यांना एक वर्षाची कैद भोगायला पाठवलं. दुसऱ्या दिवशी तुमच्यापैकी एकाच्या अंकात मथळा होता, ‘हद्दपार थाई नेते थाकसिन तुरुंगात’. मी तो दोनदा वाचला. देशातून हद्दपार केलेला माणूस त्याच देशाच्या राजधानीतल्या तुरुंगात कसा काय जाईल?

मथळ्याखाली छायाचित्र होतं. छत्र्या, प्लास्टिकचे पातळ रेनकोट, तीन बोटं वर केलेली पोरं, आणि रेनकोटांवर निळ्या रंगाचे ओघळ. खाली ओळ, ‘थाकसिन समर्थकांची निदर्शने (संग्रहित)’. ते निळे ओघळ पाहिले, ही गर्दी थाकसिनची नाही हे ओळखलं, आणि मी फोन उचलला. उपसंपादक सभ्य होते. म्हणाले, ‘मॅडम, एजन्सीची बातमी होती, फोटो आमच्या संग्रहातला. आणि खरं सांगू, आपल्या वाचकाला काय फरक पडतो?’

मला पडतो. म्हणून हे पत्र तुम्हा सगळ्यांना, आणि उघड.

२००७ ते २०१६ मी बँकॉकमध्ये होते. सीलोम रस्त्याच्या एका गल्लीत माणिक-नीलमचा व्यापार करणाऱ्या पेढीत हिशेब पाहायचे. त्या नऊ वर्षांत मी तीन रंगांची आंदोलनं आणि एक लष्करी उठाव अगदी जवळून पाहिला. त्यातल्या एकाने मला घरी येऊ दिलं नाही. २५ नोव्हेंबर २००८ च्या रात्री पिवळ्या सदऱ्यांनी सुवर्णभूमी विमानतळ ताब्यात घेतला. माझं मुंबईचं तिकीट २७ चं होतं. २६ च्या रात्री मी टीव्हीवर सीएसटी पाहत होते, माझा भाऊ रोज तिथूनच डोंबिवलीची लोकल पकडायचा. तो सुखरूप होता, पण हे कळायला चार तास लागले, आणि कळल्यावरही मी आठवडाभर तिथेच अडकले. त्या आठवड्यात मराठी पेपरांत बँकॉकला जागा नव्हती याबद्दल माझी अजिबात तक्रार नाही. तक्रार आहे ती नंतर कधीतरी तुमच्यापैकी एकाने घेतलेल्या आढाव्याबद्दल. त्यात विमानतळ ‘थाकसिन समर्थकांनी’ बंद पाडला असं लिहिलं होतं. ते थाकसिनचे कट्टर विरोधक होते हो! थाकसिनच्या गोटातलं सरकार पाडायला बसले होते, आणि २ डिसेंबरला न्यायालयाने सत्ताधारी पक्षच विसर्जित केल्यावर घरी गेले.

आता मुद्द्यावर येते.

पहिली तक्रार शब्दाची. आपल्याकडे शब्दांची ददात नाही. हद्दपार, तडीपार, परागंदा, फरारी, आश्रित, सगळे वेगवेगळे आहेत. गल्लीतल्या गुंडाबद्दल लिहिताना तुम्ही एक अक्षर चुकत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ५५ ते ५७ खाली उपायुक्तांचा लेखी आदेश निघाला, जिल्हा ठरला, मुदत ठरली, की मग तो ‘तडीपार’. आदेश निघायच्या आधी कोणी तसं छापलं तर तुमचाच वार्ताहर हरकत घेईल. थाकसिनबद्दल असा आदेश कुणी काढला? कुणीच नाही. काढताही येत नाही. थायलंडच्या २०१७ च्या राज्यघटनेचं कलम ३९ सांगतं की थाई नागरिकाला देशाबाहेर घालवता येणार नाही आणि देशात यायला मज्जावही करता येणार नाही.

मग ते होते तरी कोण? हे तारखेवर अवलंबून आहे, आणि इथेच खरी गंमत आहे.

१९ सप्टेंबर २००६ ला थाकसिन सरकारविरुद्ध लष्करी उठाव झाला तेव्हा ते संयुक्त राष्ट्रांच्या सभेसाठी न्यूयॉर्कला होते, आणि बाहेरच राहिले. त्या सतरा महिन्यांसाठी कुणी ‘परागंदा’ म्हटलं तर मी वाद घालणार नाही. २८ फेब्रुवारी २००८ ला ते परतले, विमानतळाबाहेर जमिनीवर डोकं टेकवलं, आणि जामिनावर सुटलेले आरोपी झाले. ऑगस्टमध्ये बीजिंग ऑलिंपिकला जातो म्हणून गेले ते तिकडून थेट लंडनला. त्या क्षणापासून फरारी आरोपी. २१ ऑक्टोबर २००८ ला त्यांच्या गैरहजेरीत दोन वर्षांची शिक्षा झाली, पत्नीने सरकारी निधीकडून ७७ कोटी २० लाख बाथला घेतलेल्या रत्चदाफिसेकच्या जमिनीच्या प्रकरणात. तेव्हापासून फरारी दोषी. आश्रित म्हणावं, तर ब्रिटनने नोव्हेंबरमध्ये त्यांचा व्हिसाच रद्द केला. पुढे माँटेनेग्रोचा पासपोर्ट, दुबईत घर, आणि २००९ मध्ये कंबोडियाने दिलेलं आर्थिक सल्लागाराचं पद. थायलंडने त्यांना ताब्यात मागितलं, तेव्हा कंबोडियाने ‘खटला राजकीय आहे’ म्हणून नकार दिला.

राजकीय होता का? या वादात दोन्हीकडे दम आहे आणि वाचकाला दोन्ही बाजू कळायला हव्यात. त्यांच्या मालमत्तेची चौकशी करणारी समिती उठाव करणाऱ्या सेनानींनीच नेमली होती. जमीन विकत घेणाऱ्या पत्नीला त्या प्रकरणात निर्दोष ठरवलं, शिक्षा झाली ती संमतीची सही करणाऱ्या नवऱ्याला. समर्थक हे सांगतात ते खरं आहे. पण थाकसिन जामीन मोडून गेले तेव्हा बँकॉकमध्ये लष्कराचं राज्य नव्हतं. पंतप्रधान होते समाक सुंदरवेज, म्हणजे त्यांच्याच बाजूचे. आणि लोक मुळात चिडले होते ते जानेवारी २००६ च्या व्यवहारावर. कुटुंबाने आपल्या शिन कॉर्प या दूरसंचार कंपनीचे सुमारे ७३ अब्ज बाथचे शेअर सिंगापूर सरकारच्या तेमासेक या गुंतवणूक कंपनीला विकले आणि त्यावर छदामही कर भरला नाही. ‘हद्दपार’ म्हटलं की यातलं काहीच उरत नाही. उरतो एक बिचारा वनवासी, आणि वनवासाला गेलेल्याकडे मराठी वाचक कुठल्या नजरेने बघतो हे मी तुम्हाला सांगायला नको.

दुसरी तक्रार ‘इशाऱ्यावर’ या शब्दाची. थायलंडमध्ये कुणीही रस्त्यावर आलं की तुमच्या बातमीत ते ‘थाकसिन यांच्या इशाऱ्यावर’ आलेले असतात. जरा मोजून बघू. २००६ आणि २००८ चे पिवळे त्यांच्या विरोधात. २०१३-१४ ला शिट्ट्या फुंकत बँकॉक बंद करणारे, त्यांच्या आणि त्यांची बहीण यिंगलक हिच्या विरोधात. २०२० ची पोरं त्यांना मोजतच नव्हती. २८ जून २०२५ ला विजय स्मारकाजवळ जमलेले त्यांच्या मुलीचा, पंतप्रधान पैतोंगतार्न यांचा, राजीनामा मागत होते. कंबोडियाचे माजी पंतप्रधान हुन सेन यांच्याशी झालेलं तिचं फोनवरचं बोलणं फुटलं होतं. वडिलांना सल्लागार नेमणारे हुन सेन ते हेच. त्या दिवशी जुने पिवळे नेते सोंधी लिमथोंगकुल आणि जुने लाल, म्हणजे एके काळचे थाकसिन समर्थक, नेते जतुपोन प्रोंपान एकाच बाजूने उभे होते. उरले २००९ आणि २०१० चे लाल सदरे. फक्त त्यांच्या बाबतीत ‘इशारा’ हा शब्द थोडा तरी लागू पडतो. तिथे थाकसिन पडद्यावरून बोलायचे, फोनवरून बोलायचे, गर्दी टाळ्या पिटायची. २०११ च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाची घोषणाच होती की थाकसिन विचार करतात, फ्युआ थाई करून दाखवतो. प्रभाव होता, उघड होता, लपवलेला नव्हता.

तरीही, आणि ही तिसरी आणि माझ्या दृष्टीने सगळ्यांत मोठी तक्रार, ती माणसं भाडोत्री नव्हती.

आमच्या इमारतीची साफसफाई करणाऱ्या बाई रोइ-एतच्या, ईशान्येकडच्या कोरडवाहू मुलखातल्या. मी त्यांना ‘पा’ म्हणायचे. थाईत आई-वडिलांच्या थोरल्या बहिणीला पा म्हणतात आणि त्या वयाच्या कुठल्याही बाईला म्हणायची रीत आहे, आपण मावशी म्हणतो तसं. पा पक्की लाल. कारण विचारलं तर लोकशाहीवर भाषण नाही. नवऱ्याचं पोटाचं ऑपरेशन. २००१ मध्ये थाकसिन सरकारने योजना आणली, सरकारी दवाखान्यात प्रत्येक वेळी फक्त तीस बाथ. त्याआधी त्यांच्या गावात ऑपरेशन म्हणजे म्हैस विकायची, आणि ती विकून झालेली होती. नवरा वाचला. ‘त्याआधी कुणी आमची गणती केली होती?’ हे त्यांचं वाक्य. मी थाईतून सांगतेय, पण विदर्भातल्या नाहीतर माणदेशातल्या कुठल्याही बाईच्या तोंडी ते बसेल.

मार्च २०१० मध्ये पा सुट्टी घेऊन आंदोलनात गेल्या. मी विचारलं, पैसे मिळतात म्हणे? त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, ट्रकच्या डिझेलला कुणी मोठ्या माणसाने पैसे दिले, घेतले. चिकट भाताच्या टोपल्या गावाने वर्गणी काढून भरल्या. आणि रोजची मजुरी बुडाली ती कुणी दिली नाही. म्हणजे पैसा होता. थाकसिनचाही असेल, मी नाकारत नाही. पण डिझेलला पैसे दिले म्हणजे ट्रकमधल्या माणसाचा रागही विकत घेतला, असं कसं होईल? आपल्याकडच्या सभांना ट्रक कुणाच्या पैशाने येतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

त्यांच्या मंचावरून एक शब्द सतत यायचा, ‘अम्मात’. कान टवकारले. अम्मात म्हणजे आपला अमात्य! दरबारी, लष्करशहा, न्यायाधीश, निवडून न येता राज्य चालवणारे. त्यांच्याविरुद्ध ‘फ्राय’, म्हणजे रयत, कुळं. पोरांच्या सदऱ्यांवर मोठ्या अक्षरांत ‘फ्राय’ लिहिलेलं असायचं, शिवी अंगावर मिरवावी तसं. उठावाला थाईत म्हणतात ‘रत्थप्रहान’, म्हणजे राष्ट्र-प्रहार. एवढे आपल्या नात्यातले शब्द असलेली भाषा, आणि मराठी बातमीत त्या लोकांची एकही मागणी येत नाही, येतो तो फक्त एका अब्जाधीशाचा चेहरा.

१० एप्रिलला कोक-वुआ चौकात गोळीबार झाला. पंचवीसच्या आसपास माणसं गेली, त्यांत सैनिकही होते आणि रॉयटर्सचा जपानी कॅमेरामनही. पा-चा भाचा पायात गोळी लागून आला. २२ एप्रिलला आमच्या साला-देंगच्या स्थानकाजवळ ग्रेनेड पडले, शेठनी पेढी बंद केली, मी घरात बसून बांबू आणि टायरांची भिंत वाढताना पाहत होते. १९ मे ला लष्कर रत्चप्रसोंग चौकात शिरलं. त्या दिवशी शेजारच्या वात पथुम वनाराम विहारात सहा जण मेले. हा विहार म्हणजे पद्म-वनाराम, आणि तो सुरक्षित जागा म्हणून जाहीर झालेला होता. २०१३ मध्ये न्यायालयीन चौकशीने सांगितलं की गोळ्या सैनिकांच्या होत्या. त्या दोन महिन्यांत एकूण नव्वदहून जास्त मृत्यू. थाकसिनवर दहशतवादाचं वॉरंट निघालं. मंचावरच्या चोवीस लाल नेत्यांवरही तोच आरोप होता. २०१९ मध्ये न्यायालयाने त्या सगळ्यांना त्या आरोपातून मुक्त केलं. ही बातमी मराठीत मला कुठे दिसली नाही. ‘दहशतवादी निदर्शक’ मात्र दिसले होते.

आणि आता ज्यासाठी हा सगळा पाढा वाचला ते. नेता आणि त्याची माणसं एक नसतात, हे थायलंडमध्ये दोनदा उघड्यावर सिद्ध झालं.

एकदा १ नोव्हेंबर २०१३ ला. यिंगलक सरकारने पहाटे चारच्या सुमारास ३१० मतांनी माफीचं विधेयक मंजूर केलं. थाई शब्द ‘निरथोतकम’, म्हणजे निर्दोष-कर्म, दोष झालाच नव्हता असं धरायचं. थाकसिनना घरी आणायला ते केलं, पण त्याच कलमाखाली २०१० ला गोळीबाराचे हुकूम देणारेही सुटणार होते. मेलेल्यांचे नातेवाईक, लाल सदरेवाले, उघड विरोधात गेले. पा म्हणाल्या, ‘त्यांना घरी यायचंय, येऊ देत. पण माझ्या भाच्याच्या पायावरून चालत नको.’ सिनेटने विधेयक फेटाळलं, पण सरकारचं व्हायचं ते झालंच.

दुसऱ्यांदा २२ ऑगस्ट २०२३ ला. मी तोवर डोंबिवलीत होते. सकाळी थाकसिन खासगी विमानाने बँकॉकच्या दोन-म्युआंग विमानतळावर उतरले, दुपारी त्यांच्या पक्षाने त्याच लष्करी गोटातल्या पक्षांच्या मतांवर पंतप्रधान निवडून आणला. न्यायालयाने आठ वर्षं सांगितली, राजाने ती एक वर्षावर आणली. या माफीला ‘अफय-थोत’ म्हणतात, अभय. दोष राहतो, शिक्षा हलकी होते. शब्दाशब्दांत असा फरक असतो, तो छापायला जागा फार लागत नाही. पहिल्याच रात्री ते तुरुंगातून पोलीस रुग्णालयाच्या चौदाव्या मजल्यावर गेले आणि सहा महिने तिथेच राहून पॅरोलवर सुटले. ते मुक्कामाचे दिवस शिक्षेत धरता येत नाहीत असं न्यायालय दोन वर्षांनी म्हणालं, म्हणून सप्टेंबर २०२५ ची कैद. तुमची बातमी ही होती.

पोलीस रुग्णालय कुठे आहे माहीत आहे? रत्चप्रसोंग चौकातच. पद्म-वनाराम विहार तिथून चालत पाच-सात मिनिटं. पा-ने ‘लाइन’ या मेसेजच्या अ‍ॅपवर एवढंच लिहिलं, ‘चौदाव्या मजल्यावरून चौक दिसत असेल ना?’ पुढे नेहमीचं हसरं स्टिकर नव्हतं.

एक उलटी तक्रारही करते, नाहीतर मला त्यांची भाट समजाल. तुमच्यापैकी काहींनी ‘गरिबांचा कैवारी’ असे लेख छापले. त्यांत २००३ ची अमली पदार्थांविरुद्धची मोहीम नव्हती, ज्यात तीन महिन्यांत अडीच हजारांच्या वर माणसं मारली गेली. २५ ऑक्टोबर २००४ चं ताक बाय नव्हतं. हातपाय बांधून ट्रकमध्ये एकावर एक रचलेले ७८ मुस्लिम निदर्शक गुदमरून मेले, एकूण ८५. पंतप्रधान तेच होते. त्या खटल्याची मुदत २०२४ मध्ये एकही आरोपी हजर न होता संपली, तेव्हा पंतप्रधान त्यांची मुलगी होती. थाकसिन हे नाव म्हणजे आपला दक्षिण, माणूस उत्तरेतल्या चिआंग माईचा, आणि त्याच्या कारकिर्दीतली ही जखम आहे खोल दक्षिणेत. तीस बाथची योजना आणि ताक बाय एकाच माणसाच्या खात्यावर आहेत. हिशेबनीस म्हणून सांगते, एकच बाजू लिहून खातं बंद करता येत नाही.

माझ्या मागण्या साध्या आहेत आणि त्यांना खर्च नाही.

थाकसिन यांच्यासाठी ‘हद्दपार’ हा शब्द थांबवा. ज्या तारखेची बातमी असेल त्या तारखेचा दर्जा लिहा: आरोपी, फरारी, दोषी, पॅरोलवर, कैदी. उद्या बदलला तर बदललेला लिहा. बहिणीलाही तोच नियम. ती ऑगस्ट २०१७ मध्ये शिक्षेच्या आधी देशाबाहेर गेली.

‘इशाऱ्यावर’ लिहायचं असेल तर इशारा कुठला ते सांगा, भाषण, पैसा की पक्षाचा आदेश. सांगता येत नसेल तर शब्द काढा. ‘भाडोत्री’लाही हेच.

आंदोलनाच्या प्रत्येक बातमीत, चार ओळींची असली तरी, लोक काय मागत होते ते एका ओळीत द्या.

‘संग्रहित’ छायाचित्रावर वर्ष आणि जागा छापा.

आणि ज्या अंकात ते छायाचित्र छापलं, त्यात दुरुस्ती द्या, त्याच पानावर. त्या पोरांपैकी कित्येकांवर राजाच्या अवमानाचे, कलम ११२ चे खटले झाले. एकेका आरोपाला तीन ते पंधरा वर्षं. थाकसिन पळाले तेव्हा ती पोरं दुसरी-तिसरीत होती. पा-ची नात त्या गर्दीत होती. थाकसिनबद्दल विचारलं तेव्हा ती मला म्हणाली होती, ‘ते आजीचे, माझे नाहीत.’ तुम्ही छायाचित्राखालच्या एका ओळीने तिला ज्याच्या दावणीला बांधलं, त्याच्या पक्षाला तिने मतही दिलेलं नाही.

ओळ लिहायला वेळ नसेल तर मी लिहून देते, आहे तशी छापा:

‘बँकॉक, पथुमवान चौक, १६ ऑक्टोबर २०२०. पंतप्रधान प्रयुत चान-ओचा यांचा राजीनामा, नवी राज्यघटना आणि राजसंस्थेत सुधारणा मागणारे तरुण. रेनकोटांवरचा निळा रंग पोलिसांच्या पाण्याच्या फवाऱ्यांतला. हे निदर्शक थाकसिन शिनावात्रा यांचे समर्थक असल्याचे आम्ही चुकीने छापले होते.’

आपली,
एक जुनी वर्गणीदार,
पूर्वी सीलोम, बँकॉक. आता डोंबिवली पूर्व